भरपगारी रजेचा हक्क आणि आपण



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी रजेसारखा रुक्ष विषय कशासाठी, असे काहींना वाटेल. परंतु गाझियाबादेत संसार थाटलेल्या आम्हा मराठी कुटुंबांचे गावाशी असलेले नाते पुष्कळ अंशी रजेच्या अर्जावरच टिकून आहे. गणेशचतुर्थीला येथील कारखान्यांचे भोंगे थांबत नाहीत. गावी आई आजारी पडो की बहिणीचे लग्न ठरो, जाण्यायेण्यातच तीन-चार दिवस खर्ची पडतात. म्हणून रजेचा एकेक दिवस आम्हांस मोलाचा वाटतो.

‘सुटी’ आणि ‘रजा’ हे शब्द आपण सरमिसळ वापरतो. सुटी सर्वांची असते, रजा एकट्याची. शिवाय रजा या शब्दाचा मूळ अर्थच मुळी संमती, परवानगी असा आहे. त्यामुळे ती मागताना आपला स्वर नकळत याचकाचा होतो. कायद्याने मात्र तिला हक्काचे रूप दिले आहे, आणि त्या इतिहासात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईतील गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारपुढे ठेवला. रविवारची विश्रांती ही त्यातील प्रमुख मागणी होती. १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरण्यांत ती अमलात आली, आणि १८९१ च्या कारखाना कायद्याने साप्ताहिक सुटीला कायद्याचा आधार दिला. पगारासह वार्षिक रजा मिळण्यास मात्र आणखी अर्धशतक जावे लागले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९३६ साली त्याविषयी करार संमत केला. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळीत असताना, १९४५ च्या दुरुस्तीने कारखान्यातील प्रौढ कामगारास वर्षाकाठी दहा दिवसांची भरपगारी रजा मिळाली.

१९४८ च्या कारखाना कायद्याने हिशेब बदलला. वर्षात २४० दिवस काम भरले, की पुढील वर्षी दर वीस दिवसांमागे एक दिवस रजा. म्हणजे २४० दिवसांना बारा दिवस. परंतु ज्याचे २३९ दिवस भरले, त्याच्या हाती काहीच नाही. हंगामी व कंत्राटी माणसांना या उंबरठ्याची धास्ती असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेने हा उंबरठा १८० दिवसांवर आणला आहे. वीस दिवसांमागे एक हे प्रमाण तेच राहिले. न घेतलेली रजा तीस दिवसांपर्यंत पुढील वर्षात नेता येते, तसेच वर्षअखेरीस मागणी करून तिचे पैसेही घेता येतात.

यातील एक तरतूद विशेष ध्यानात ठेवावी. रीतसर अर्ज करूनही जी रजा नाकारली गेली, तिला तीस दिवसांची मर्यादा नाही. ती पुढे साचत राहते. म्हणून अर्ज लेखी करावा, तारीख घालावी, प्रत जपून ठेवावी. तोंडी मागितलेली आणि तोंडीच नाकारलेली रजा कोणत्याही वहीत उमटत नाही. व्यवस्थापकीय पदावरील मंडळींना ही कलमे लागू होत नाहीत. त्यांनी आपले नेमणूकपत्र नीट वाचावे. नोकरी सोडताना शिल्लक रजेचा पगार मागण्यासही संकोच करू नये.

आता थोडे आपल्या घरात डोकावू. आपल्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईंना या संहितेचे छत्र नाही. छठपूजेसाठी त्या चार दिवस गावी गेल्या, तर त्यांचा पगार कापावा की नाही, हे कोणताही निरीक्षक येऊन विचारणार नाही. आपला गणपती आपल्याला जितका प्रिय, तितकीच त्यांची छठमैया त्यांना प्रिय आहे. जो हक्क आपण साहेबाकडे मागतो, तो आपल्या उंबरठ्याच्या आतही मान्य करणे उचित ठरेल.

मंडळातील अनुभवी सभासदांनी नव्याने नोकरीस लागलेल्या तरुणांना पगाराची चिठ्ठी वाचावयास व अर्ज लिहावयास शिकवावे, एवढीच आमची विनंती. गावाकडे वाट पाहणारी वडीलधारी माणसे वर्षागणिक थकत आहेत. त्यांच्या वाट्याचे दिवस कागदपत्रांच्या अज्ञानापायी बुडू नयेत.

इतके बोलून आम्ही आपली रजा घेतो.