कोकाकोची साक्ष



न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर कोकाको आहे की नाही, हे आज कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. करडे शरीर, डोळ्यांभोवती काळा मुखवटा आणि चोचीच्या मुळाशी लोंबणारे दोन नारिंगी मांसल लोलक. उत्तर बेटावरील त्याच्या भाऊबंदाचे लोलक निळे; तो तरला, कारण तेथील जंगलांत उंदीर, पॉसम यांचा बंदोबस्त झाला. दक्षिणेचा मात्र १९६७ नंतर दिसेनासा झाला. २००७ साली शासकीय संवर्धन खात्याने तो नामशेष झाल्याचे घोषित केले. आणि त्याच वर्षी रीफ्टन गावाजवळ दोघांनी तो पाहिला! पक्षितज्ज्ञांच्या समितीने ही साक्ष ग्राह्य धरली आणि २०१३ मध्ये 'नामशेष' हा शिक्का पुसून 'माहिती अपुरी' अशी नोंद झाली. दोन साक्षीदारांच्या शब्दाला किती वजन असते, हे या सभागृहात सांगणे नको.

छायाचित्र मात्र अद्याप नाही. त्यासाठी झटणाऱ्या न्यासाने निर्णायक पुराव्यास दहा हजार डॉलरचे बक्षीस ठेवले होते. बीच वृक्षांच्या ओल्या अरण्यात दुपारीही उजेड अंधुक असतो. कोकाको फारसा उडत नाही. फांदीवरून फांदीवर उड्या मारीत वर चढतो आणि तरंगत खाली उतरतो. त्याचा सूर बासरीसारखा, दीर्घ. परंतु टुई पक्षी नकला करण्यात पटाईत, म्हणून नुसते ध्वनिमुद्रण पुरत नाही. चित्रात लोलकाचा रंग दिसला पाहिजे, नाहीतर हाती राहतो एक करडा ठिपका.

ध्वनिमुद्रित साद वाजवून पक्ष्याला बोलावणे मला पटत नाही. उरलेल्या थोड्या जिवांना खोट्या प्रतिस्पर्ध्यामागे का धाडावे? शिवाय उत्तर टुईचेच आले तर गोंधळात भर.

पुराव्याच्या बाबतीत आपल्या महाराष्ट्राचाही अनुभव आहे. रानपिंगळ्याचा १९१४ चा म्हणून मायनर्टझहागनने दाखविलेला नमुना मुळात चोरीचा, त्यावरील नोंद बनावट. ते उघड झाल्यावर शोध योग्य जागी वळला आणि १९९७ मध्ये पामेला रासमुसेन व सहकाऱ्यांना शहाद्याजवळ तो जिवंत आढळला, ११३ वर्षांनी.

चित्र मिळेपर्यंत रीफ्टनच्या अरण्यात उंदीर व स्टोट यांचे सापळे लावावेत की नाहीत? माझ्या मते सापळे आधी, चित्र मागाहून.