शिसे, भाडे आणि भरपाई

अमेरिकेतील बाल्टिमोर शहराने घरांच्या आतील शिसेयुक्त रंगास १९५१ सालीच मनाई केली. परंतु जुन्या भिंतींवरचा रंग तसाच राहिला. खिडकी उघडता-मिटताना त्याची पूड झडते, रांगत्या मुलाच्या हातातून तोंडात जाते, आणि मेंदूची हानी पुढे भरून येत नाही. खिडकी बदलण्याचा खर्च मालकाचा. न बदलल्याचा भाडेकरूच्या मुलाचा. ‘बाह्य परिव्यय’ ही संज्ञा मी वर्षानुवर्षे किती निर्विकारपणे फळ्यावर लिहिली!

१९९४ साली मेरीलँड राज्याने कायदा केला. जुन्या घराची नोंदणी व ठरावीक दुरुस्ती करणाऱ्या मालकाने बाधित मुलास उपचार आणि स्थलांतरासाठी कमाल १७,००० डॉलर देऊ केले, की तो दायित्वातून मुक्त. मग ती रक्कम कुटुंबाने नाकारली तरी! २०११ साली राज्याच्या शिखर न्यायालयाने हे संरक्षण घटनाबाह्य ठरविले.

स्वल्प भाड्याची घरे टिकावीत, हा त्या कायद्याचा एक उद्देश होता आणि तो खोटा नव्हता. परंतु त्या स्वस्ताईची किंमत मुलांनी का मोजावी? मालकाचे दायित्व राहिलेच पाहिजे. दुरुस्तीसाठी सार्वजनिक निधी हवा, आणि त्यात रंग-कारखानदारांचाही वाटा हवा.