लेन्स धुवायची कशानं?

वसमतच्या मोंढ्यात हळदीचा हंगाम आला की बोटांच्या रेषांतही पिवळी धूळ बसते. कॉन्टॅक्ट लेन्सला हात लावण्याआधी ते साबणानं धुवा आणि कोरडे पुसा. नळाच्या, बोअरच्या पाण्यात अकॅन्थामिबा नावाचा सूक्ष्मजीव असू शकतो. तो बुबुळावरचा पारदर्शक पडदा पोखरतो. म्हणून लेन्सला पाणी नकोच. सलाइननं लेन्स नुसती विसळली जाते, जंतू मरत नाहीत. मल्टिपर्पज सोल्युशन घ्या, तळहातावर लेन्स हलकेच चोळा. डबीतल्या कालच्या सोल्युशनमध्ये थोडं नवं ओतायचं, ही काटकसर डोळ्यावर बेतते! पेरॉक्साइडचं सोल्युशन मात्र त्याच्या खास डबीतच, निदान 6 तास. तसंच डोळ्यात गेलं तर आग आग होते. डबी दर 3 महिन्यांनी बदला. डोळा लाल झाला, दुखला, तर लेन्स काढून नेत्रतज्ज्ञांना दाखवा.