भागीदाराची पारख

एखादा गृहस्थ आपल्या मुलीसाठीं स्थळ पाहतो, तेव्हां कुळाची चौकशी करतो, मुलाची मिळकत आणि प्रकृति पाहतो, चार आप्तांना विचारतो आणि मगच शब्द देतो. तोच गृहस्थ आयुष्यभराच्या शिलकेंतील पन्नास हजार रुपये कोणा स्नेह्याच्या एका शब्दावर शेअरांत गुंतवितो; ती कंपनी काय करते हेंहि त्याला ठाऊक नसतें. शेअर म्हणजे बाजारांत वरखालीं होणारा एक आंकडा, अशी जी समजूत पसरली आहे तींत या चुकीचें मूळ आहे. वास्तविक शेअर म्हणजे चालत्या धंद्यांतील भागीदारी होय. आणि भागीदार पत्करतांना जी पारख करावयाची, तीच येथेंहि केली पाहिजे.

मुंबईनें हा धडा फार पूर्वीं आणि फार महाग घेतला आहे. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचें मोल आलें. त्या पैशाच्या पुरांत नित्य नव्या बँका व कंपन्या निघूं लागल्या. समुद्र हटवून जमीन करण्यासाठीं निघालेल्या बॅक बे कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० रुपयांपर्यंत चढला. १८६५ मध्यें युद्ध संपलें, कापूस उतरला आणि १ जुलै रोजीं वायद्यांचा हिशेब चुकता करण्याची वेळ येतांच भल्याभल्या पेढ्यांचें दिवाळें निघालें. भाव चढतो म्हणून लोकांनीं घ्यावें, आणि लोक घेतात म्हणून भाव चढावा, असें तें चक्र होतें. कंपनीला उत्पन्न कोठून व्हावयाचें, हा साधा प्रश्न कोणीच विचारला नव्हता.

याच शहरांतील दुसरें उदाहरण १९०७ सालचें. टाटांच्या पोलादाच्या कारखान्यासाठीं लंडनच्या बाजारांत भांडवल मिळेना, तेव्हां मुंबईंत शेअर विक्रीस काढण्यांत आले. तीन आठवड्यांत सुमारें ८,००० हिंदी लोकांनीं १६ लक्ष ३० हजार पौंडांचें भांडवल उभें केलें. साकची येथें पोलाद तयार होऊं लागलें तें १९१२ मध्यें. पहिल्या महायुद्धानंतर परदेशी पोलाद स्वस्त झालें आणि १९२४ मध्यें पगार देण्याचीहि पंचाईत पडली. त्या प्रसंगीं सर दोराबजी टाटा यांनीं पत्नीच्या जवाहिरासह आपली खाजगी मालमत्ता तारण ठेवून कर्ज उभारलें. कारखाना तरला आणि आजहि चालू आहे. मोठा धंदा उभा राहण्यास किती वर्षें लागतात, आणि चालक आपलें स्वतःचें कांहीं पणास लावतात कीं नाहीं याला केवढें महत्त्व आहे, तें या इतिहासावरून कळून येतें.

परंतु चांगला शेअर घ्यावा आणि तिजोरींत ठेवून विसरून जावें, असा अर्थ यांतून कोणी काढूं नये. १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं मुंबईच्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. पुढें कित्येक पिढ्या गिरणीचा शेअर हा घरांतील प्रतिष्ठेचा ठेवा होता. कालांतरानें यंत्रें जुनीं झालीं, यंत्रमागाचें कापड स्वस्त पडूं लागलें, आणि १९७४ मध्यें अनेक आजारी गिरण्या सरकारला आपल्याकडे घ्याव्या लागल्या. १९८२ च्या संपानंतर कित्येक गिरण्यांचा भोंगा पुन्हां वाजलाच नाहीं. संप आकस्मिक वाटला. पण ताळेबंद वाचणाऱ्याला रोग आधींच दिसण्यासारखा होता.

तेव्हां पारख कशाची करावी? पहिली गोष्ट धंद्याची : कंपनी काय विकते, आणि तिच्या मालाची गरज पुढच्या पिढीलाहि राहील काय? दुसरी पैशाची : कर्ज किती, आणि कागदावर दाखविलेला नफा रोख रकमेच्या रूपानें हातांत येतो काय? तिसरी माणसांची : चालकांनीं स्वतःचे शेअर गहाण टाकले आहेत काय, आणि कंपनीचा पैसा आपल्याच दुसऱ्या उद्योगांकडे वळविला आहे काय? सत्यम कंपनीच्या अध्यक्षांनीं २००९ च्या जानेवारींत जें कबूल केलें, त्यावरून हिशेबांतील हजारों कोटि रुपये अस्तित्वांतच नव्हते असें उघड झालें. ज्याच्या सचोटीची शंका येते, त्याचा धंदा कितीहि मोठा असो, तेथून दूर व्हावें. चौथी गोष्ट किंमतीची : वर्षाला ५ रुपये मिळविणारा शेअर १०० रुपयांस घेणें निराळें आणि ३०० रुपयांस घेणें निराळें. माल उत्तम असला तरी वाटेल तो भाव देणें शहाणपणाचें नव्हे.

एवढी काळजी घेऊनहि कांहीं निवडी चुकणारच. एक लक्ष रुपये दहा कंपन्यांत सारखे वांटले आणि तीस वर्षें ठेवले, असें समजा. तिघी बुडाल्या, चौघी दरसाल शेंकडा ६ नें, दोघी १० नें आणि एक १५ नें वाढली. अखेरीस सुमारें १२ लक्ष ४० हजार रुपये होतात, आणि त्यांपैकीं ६ लक्ष ६० हजार एकटीनें मिळविलेले असतात. प्रत्येक बुडालेल्या कंपनीचें नुकसान दहा हजारांवर थांबलें. वाढणारीच्या वाढीला तशी मर्यादा नव्हती. सामान्य गृहस्थ मात्र चढलेला शेअर नफा झाला म्हणून घाईनें विकतो आणि पडलेला, मुद्दल तरी परत येईल या आशेनें, उराशीं धरून बसतो. दुभती गाय विकून भाकड गाईला वैरण घालण्यासारखाच हा व्यवहार आहे. विकण्याचें कारण धंद्यांत शोधावें. आपण दिलेली किंमत कंपनीला ठाऊक नसते.

मुलांचें शिक्षण, आजारपण, घरभाडें यांस लागणारा पैसा या वाटेनें कधींच नेऊं नये. निदान सात-आठ वर्षें ज्याची गरज पडणार नाहीं तेवढाच न्यावा. कर्ज काढून तर शेअर घेऊंच नयेत. कंपनीचा वार्षिक अहवाल आज घरबसल्या विनामूल्य वाचावयास मिळतो. तो वाचण्यास वर्षांतले चार रविवार ज्याला देतां येत नाहींत, त्यानें सर्व बाजाराचा थोडथोडा अंश घेणाऱ्या निर्देशांक फंडांत पैसे ठेवावे. त्यांत कमीपणा कांहींच नाहीं. ज्याला तेवढी सवड आहे, त्यानें प्रत्येक शेअरापुढें तो घेण्याचें कारण दोन ओळींत वहींत लिहून ठेवावें आणि दर वर्षीं तें कारण टिकून आहे कीं नाहीं, एवढें पाहावें. लिहिण्यासारखें कारणच ज्याला सुचत नाहीं, त्यानें तो शेअर घेऊं नये.