महाड-पोलादपूरची कणगी आणि महामारी

सह्याद्रीच्या पायथ्याशीं, सावित्रीच्या खोऱ्यांत महाड व पोलादपूर हे दोन तालुके वसले आहेत. सखल खाचरांत भात आणि डोंगरउतारावरील वरकस जमिनींत नाचणी व वरी, हीं येथील मुख्य पिकें. शेतें लहान, पीक बहुधा एकच. त्यामुळें अनेक घरांत स्वतःची कणगी वर्षभर पुरत नाहीं. उरलेले महिने मुंबईच्या चाकरमान्यानें पाठविलेल्या पैशावर निघतात. अशा कुटुंबाचें अर्धें कोठार खाचरांत असतें, तर अर्धें मुंबईंत.

साथीचा घाला यांपैकीं कोणत्या कोठारावर पडतो, हें पाहिलें पाहिजे. १९१८ सालीं इन्फ्लुएंझाची जीवघेणी लाट मुंबई इलाख्यांत सप्टेंबर-ऑक्टोबरांत उसळली, म्हणजे भातकापणीच्या तोंडावरच. त्यांतच त्या वर्षीं पावसानें दगा दिला होता. हा रोग वीस ते चाळीस वर्षांच्या धडधाकट माणसांसच अधिक ग्रासी. हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक लोक दगावले. विळा धरणारे हातच गेले.

२०२० सालीं कोरोनाच्या साथींत निराळें घडलें. २५ मार्चपासून टाळेबंदी झाली, मुंबईंतील कामें थांबलीं आणि चाकरमानी गांवीं परतले. शेतास हात मिळाले. परंतु घरांत खाणारीं तोंडें वाढलीं आणि दरमहा येणारा पैसा आटला. पुढें हंगाम पेरणीचा. बियाण्यास व खतास रोकड हवी, आणि जूनमध्यें पेरलेलें भात घरांत येतें दिवाळीच्या सुमारास. मधले महिने काढावयाचे कसे? एप्रिलपासून पात्र शिधापत्रिकाधारकांस माणशीं दरमहा ५ किलो धान्य मोफत मिळूं लागलें, त्याचा मोठा आधार झाला. तथापि तेल, मीठ, औषध यांस पैसाच लागतो. अशांत ३ जून रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्यांत शिरलें. घरांचीं छपरें उडालीं, आंब्याचीं झाडें उन्मळलीं.

मनुष्यबळ परतल्यानें अन्न आपोआप वाढत नाहीं, हा या अनुभवाचा बोध. एका खाचरांत दोघांऐवजीं चौघे राबले, म्हणून भात दुप्पट होत नाहीं. वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणाऱ्या या मुलखांत उन्हाळ्यांत डोंगरवाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. तें पाणी बंधारे व शेततळीं यांत अडविलें, तर भातानंतर वालाच्या जोडीस भाजीपालाही निघेल आणि परतलेल्या हातांस काम मिळेल. पुढील साथ येण्यापूर्वीं गांवाकडचें कोठार भक्कम करावयाचें, तें असें.