धुराचा रंग



बाबा मला जिच्यातून शाळेत सोडायचे, ती प्रीमियर पद्मिनी आठवते ना? कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसीची. गेल्या वर्षी ती निळा धूर सोडू लागली. मेकॅनिक म्हणाला, "इंजिन बोअर करा, नाहीतर भंगारात द्या." बाबा गप्पच झाले.

मला सरांचा विज्ञानाचा तास आठवला: आधी निरीक्षण, मग निष्कर्ष. धूर फक्त सकाळी गाडी सुरू करताना आणि राजूरची टेकडी उतरून पुन्हा रेस दिल्यावर यायचा. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन ठीक होतं. म्हणजे रिंगा शाबूत. तेल वरून, व्हॉल्व्हच्या दांडीवरून झिरपत होतं. तिथले रबरी सील कडक झाले होते.

हेड उतरवलंच नाही. रॉकर काढले. प्लगच्या भोकातून सुती दोरी आत भरून पिस्टन वर आणला, म्हणजे व्हॉल्व्ह आत पडत नाहीत. स्प्रिंग दाबून लॉक काढले, सील बदलले.

दोन दिवसांत धूर थांबला.

सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हे माझं रोजचं काम. पण कारण सापडल्याशिवाय निकाल द्यायचा नाही, ही सवय इथल्याच बाकावर लागली.

आज बाबा आणि मी त्याच गाडीतून आलोय. निघताना मागे उभं राहून खात्री करा!