राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती?

पावसाळ्यात कोल्हापूरकर भेटला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती? कसबा बावड्याजवळच्या या बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी फूट-इंचांत मोजली जाते. 39 फूट ही इशारा पातळी, तर 43 फूट ही धोका पातळी. 2019च्या ऑगस्टमध्ये नदीने 55 फूटही ओलांडले होते.

पण नुसत्या फुटांवर विसंबू नये. पाणी पात्रात असते तोवर झपाट्याने चढते. एकदा ते काठ सोडून उसाच्या रानात पसरले, की पातळी इंचाइंचाने वाढते आणि माणसे निर्धास्त होतात. फसगत होते ती इथेच, कारण त्या एका इंचामागे अफाट पाणी असते. म्हणून विसर्गाचा आकडाही ऐकायचा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर. राधानगरी धरणाचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला, की पंचगंगेला मिळणाऱ्या भोगावती नदीत 1428 क्युसेक पाणी येते. ते शहरापर्यंत पोहोचायला काही तास लागतात, आवराआवरीचा वेळ तेवढाच.

पाऊस थांबला तरी पूर लगेच ओसरेल असे नाही. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णाच तुडुंब असेल, तर हिचे पाणी मागे तुंबते. तेव्हा सांगलीच्या आयर्विन पुलावरची कृष्णेची पातळीही ऐका, आणि नदीकाठच्यांनो, इशारा पातळी गाठण्याआधीच जनावरे उंचावर हलवा.